आरओची नळी

आज लातूरच्या गंजगोलाई बाजारात किराणा घेऊन नेहमीच्या हॉटेलात चहाला टेकलो. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनची ती बारीक नळी असते ना, वाया जाणारं पाणी सोडणारी, ती मालकांनी निळ्या ड्रमात सोडलेली. पोऱ्या त्याच पाण्यात कपबश्या विसळत होता, शेवटचा हात तेवढा नळाच्या पाण्याचा. फरशीही त्यानंच पुसतात म्हणे.

मी विचारलं तर मालक काका म्हणाले, "रेल्वेचं पाणी प्यालोय ओ आपण. इतक्यात विसरलात?"

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली, ५ लाख लिटर घेऊन. आता मांजरा धरण भरलं की आमच्या गल्लीत पाइप लावून गाड्या धुतात. असो.

घरच्या आरओत लिटरभर पाणी गाळताना बऱ्याचदा दोन-तीन लिटर मोरीत जातं. त्यात क्षार जास्त, म्हणून कुंड्यांना रोज घालू नका. संडासाला, फरशीला मात्र झकास.

खरी गोम पाण्याचे जार विकणाऱ्यांच्या आरओ प्लँटची आहे. तिथलं पाणी नालीत जाताना दिसलं, तर तुमच्या जारवाल्याला विचारता का कधी?