यादीत नाव असेल तरच

नागपूरच्या सीताबर्डीत कॉम्प्युटर दुरुस्तीपासून आमची सुरुवात झाली. पुढे इतवारीतल्या पेढ्या आणि हिंगणा एमआयडीसीतले कारखाने नेटवर्क, ईमेलही आमच्यावर सोपवू लागले. तेव्हा घातक साइट दिसली की ती बंद करायची, अशी पद्धत होती. ती यादी कधी संपायचीच नाही.

मग आम्ही उलटं धोरण धरलं. आधी सगळं बंद, लागेल तेवढंच परवानगीच्या यादीत टाकून उघडायचं. हिंगण्यात एका सीएनसी मशीनचा कॉम्प्युटर विंडोज ७ वर अडकला होता. त्या विंडोजचे मोफत अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालेना. फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेत, त्याला फक्त ड्रॉइंगच्या सर्व्हरपर्यंत वाट ठेवली, इंटरनेट बंद. अशा जागी याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

ईमेलमध्ये मात्र आम्ही चुकलो. इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवर दलालाचे मेल स्पॅममध्ये जायचे. "भाऊ, यांचा मेल अडवू नका," शेठजी म्हणाले. आम्ही पत्ता परवानगीच्या यादीत टाकून मोकळे झालो. काही महिन्यांनी त्याच पत्त्यावरून आल्यासारखं दिसणारं बिल आलं, बँक खातं बदललेलं. मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणालाही खोटा घालता येतो आणि आमच्या यादीमुळे फिल्टरने तो तपासलाच नाही. मुनीमजींनी पैसे सोडण्याआधी दलालाला फोन लावला, म्हणून रक्कम वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता नुसता पत्ता आम्ही यादीत घेत नाही. एसपीएफ म्हणजे आपले मेल कोणत्या सर्व्हरवरून निघतात, याची डोमेनच्या (मेलच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) मालकाने जाहीर केलेली यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. यातलं एक तरी त्याच डोमेनच्या नावाने जुळलं, तरच सूट. समोरच्याकडे ही सोय नसेल तर त्यांच्या कॉम्प्युटरवाल्याशी बोलून आधी ती करून घेतो.

वायफायवर मॅक ॲड्रेसची, म्हणजे फोन-कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकांची, यादी तर सोडूनच दिली. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन बदललेला मॅक दाखवतात, शिवाय तो नकलताही येतो. तिथे प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं.

यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे कोणी मागितली, कशासाठी, कधीपर्यंत, हे लिहितो. दिवाळीत पेढीवर नव्या वह्या येतात, त्याआधी मुनीमजींसोबत बसून ती वाचतो. मागच्या खेपेला एका नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "यांच्याशी व्यवहार बंद होऊन दोन वर्षं झाली की!" तिथेच ते नाव काढलं.