बोर्डवरची शेवटची रिकामी जागा

ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले. गिटारच्या पेडलबोर्डवर, म्हणजे आवाज बदलणारी पेडलं मांडायच्या फळीवर, ही पाच बसली आणि डावीकडे तळहाताएवढी जागा उरली. आता तिथे काय? बहुतेकांचं मन आणखी एका ड्राइव्हकडे (ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शनसारखं आवाज फाडणारं पेडल) ओढ घेतं, कारण दुकानात वाजवून बघताना ड्राइव्ह पाच मिनिटांत भुरळ घालतो. आमचं म्हणणं असं, की हे कोडं गिटारच्या टोकापासून सोडवायला घेऊच नये. दुसऱ्या टोकाला जाऊन बघावं: बोर्डातून निघणारी शेवटची केबल कुठे जाते?

मुंबईत ती तीन ठिकाणी जाते. जॅमरूममधल्या अ‍ॅम्पमध्ये, घरी कंप्युटरला जोडायच्या इंटरफेसमध्ये (भिंतीपलीकडे शेजारी, म्हणून कानाला हेडफोन), आणि कार्यक्रमाला थेट मिक्सरमध्ये. दादरचं शिवाजी मंदिर असो, पार्ल्याचं दीनानाथ असो नाहीतर गणपतीचा मांडव, गाण्यांच्या कार्यक्रमात गिटारवाल्याच्या वाट्याला बरेचदा अ‍ॅम्प येतच नाही. साउंडवाले एक डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) पुढे सरकवतात आणि म्हणतात, ‘यात लावा.’ क्लीन आवाज त्यातून निभावून जातो. डिस्टॉर्शन दाबलं की मात्र हॉलभर डास सोडल्यासारखं वाटतं. दोष पेडलचा नसतो. गिटार अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो आणि ड्राइव्हची सगळी करकर स्वतःजवळच ठेवून घेतो. पीएचा, म्हणजे हॉलच्या साउंडचा, स्पीकर इमानदार, त्यामुळे तो सगळंच बाहेर टाकतो.

म्हणून महिन्यातून दोन वेळा जरी मिक्सरमध्ये वाजवत असाल, तरी उरलेली जागा कॅब सिम्युलेटरची, म्हणजे गिटार स्पीकरची नक्कल करणाऱ्या पेडलची. एक्सएलआर (मिक्सरची तीन पिनांची केबल) आउट आणि ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) असलेला घ्या. आयआर फाइल (एखाद्या खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा ठसा) चढवता येत असेल तर उत्तम, पण शंभर फाइली भरून रोज बदलत बसण्यात अर्थ नाही. एक मागून उघडी १२ इंची पेटी (ओपन बॅक), एक १२ इंची चार स्पीकरांची (४ बाय १२), बस. खाली ९० हर्ट्झच्या आसपास लो कट आणि वर साडेपाच ते सहा हजारांवर हाय कट लावला की निम्मं काम झालं. जॅमरूममध्ये अ‍ॅम्पला लावताना कॅब सिम बंद करायला विसरू नका. नाहीतर दोन स्पीकर एकापुढे एक लागल्यासारखा आवाज गोधडीखालून येतो. आणि मिक्सरवरचा ४८ व्होल्टचा फँटम (माइकसाठी केबलमधून जाणारी वीज) त्या चॅनलपुरता बंद करायला सांगा. स्वतःचा सप्लाय असलेल्या पेडलला त्याची गरज नसते आणि प्रत्येक पेडलला तो सोसतोच असं नाही.

हे पेडल आणण्याआधी टेप घ्या. बॉस कंपनीचं छोटं पेडल ७३ मिमी रुंद. अशी पाच म्हणजे ३६५. बाजूला जॅक असलेल्या दोन पेडलांमध्ये चपटे पॅचजॅक वापरूनही २५ मिमी तरी सोडावे लागतात, म्हणजे चार फटींचे १००. एकूण ४६५. १८ इंची बोर्ड ४५७ मिमीचा, म्हणजे पाच पेडलं तिथेच हरली. २२ इंची बोर्ड ५५९ मिमीचा. उरले ९४, त्यातून आणखी एका फटीचे २५ गेले की हातात ६९. डोळ्याला वाटतं बॉसचं सहावं बसेल, पण ४ मिमी कमी पडतात. साधारण ६० मिमी रुंदीची पेटी किंवा मिनी पेडल बसतं. आणि दोन्ही टोकांचे जॅक बोर्डाच्या बाहेर लोंबतात हे विसरू नका. नवरात्रात गर्दीच्या स्टेजवर कुणाची तरी चप्पल नेमकी तिथेच अडकते. त्यामुळे मधलं एखादं पेडल वर जॅक असलेलं मिळालं तर दोन पैसे जास्त मोजावेत. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी लहान होतात.

‘मग २४ इंची बोर्ड घेऊ’ असं म्हणणाऱ्याने तो संध्याकाळी सहा वाजता दादरला फास्ट लोकलमध्ये चढवून बघावा.

आता वीज. बोर्ड बिघडतात ते इथेच. पेडलांचे मिलिअँपिअर मांडा. अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन साधारण १० खातं, अ‍ॅनालॉग कोरस वीसेक, ट्यूनर ३० किंवा जास्त, छोटा डिजिटल डिले साठ-सत्तर. मोठा डिजिटल रिव्हर्ब किंवा कॅब सिम मात्र एकटा २०० ते ३०० पर्यंत जातो. बेरीज करा, वर तीस टक्के धरा. फसगत बेरजेत होत नाही. सप्लायवर एकूण ८०० लिहिलेलं असतं, पण आठ आउटलेटपैकी प्रत्येकाला १००च मिळणार असतात. २५० खाणारं पेडल अशा आउटलेटला लावलं की ते चालू होतं, दिवा लागतो, दहा मिनिटं वाजतंही, आणि मग अंतऱ्यावर अचानक रीस्टार्ट होतं. ३०० किंवा ५०० चे एक-दोन आउटलेट असलेलाच सप्लाय घ्या.

दुसरी गोष्ट आयसोलेशन, म्हणजे प्रत्येक आउटलेटची वीज एकमेकांपासून वेगळी असणं. एकाच अ‍ॅडॅप्टरमधून माळ काढली, म्हणजे डेझी चेन केली, की सगळ्यांची ग्राउंड एक होते. डिजिटल पेडलच्या क्लॉकची बारीक शिट्टी त्या वाटेने ड्राइव्हमध्ये शिरते आणि ड्राइव्ह ती इमानेइतबारे मोठी करतो. खात्री करायची तर ड्राइव्हमध्ये ९ व्होल्टची बॅटरी घाला आणि त्याची वीज काढा. शिट्टी गेली तर दोष विजेचा. बाजारात ‘आयसोलेटेड’ असं डब्यावर छापलेले पण आतून एकच ग्राउंड असलेले सप्लाय सर्रास मिळतात. घेतानाच तपासा: सप्लाय भिंतीतून काढलेला, एकही पेडल जोडलेलं नाही, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर. दोन वेगवेगळ्या आउटलेटच्या पिनांच्या मधल्या भोकात एकेक टोक घाला. मधलं भोक, कारण पेडलच्या ९ व्होल्टमध्ये ऋण टोक मध्ये असतं. बीप झाली तर ती माळच आहे, फक्त डब्यात भरलेली.

हे मधलं ऋण टोक दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवायचं. घरातल्या यामाहा कीबोर्डचा नेहमीचा अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचा आणि मध्ये धन. पिन पेडलमध्ये सुखाने जाते. पेडल सुखाने जळतं. तसंच जुन्या पद्धतीचं पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ (खरबरीत आवाजाचं पेडल) पॉझिटिव्ह ग्राउंड असतं, म्हणजे त्यात धन टोक ग्राउंडला असतं. ते माळेत घातलं तर सप्लाय शॉर्ट होतो. त्याला वेगळा आयसोलेटेड आउटलेट तरी द्या, नाहीतर बॅटरीवर ठेवा.

आणि ५० हर्ट्झची घुं घुं. जुन्या चाळीत, मांडवात, जनरेटरवर अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. ओठ माइकला लागले की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. घुमण घालवायला डीआयचा ग्राउंड लिफ्ट दाबा, सप्लाय आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. पण अ‍ॅम्पच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांवर लावण्याचा उपाय कुणी सांगितला तर त्याचं ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही.

कॅब सिमची गरज नसेल, म्हणजे तुमचं सगळं वाजवणं अ‍ॅम्पवरच असेल, तर? तरीही तिसरा ड्राइव्ह नको. सात पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू (आवाजाचे पट्टे वर-खाली करणारं पेडल) घ्या. बॉस जीई-७ च्या पट्ट्या १०० हर्ट्झपासून दुप्पट होत होत ६.४ हजारांपर्यंत जातात, प्रत्येकी १५ डेसिबल वर-खाली. तो ड्राइव्हच्या नंतर आणि डिलेच्या आधी ठेवा. १०० चार डेसिबल खाली, ८०० चार वर, १.६ हजार तीन वर, लेव्हल तीन-चार वर. सोलोला हे एक बटण दाबलं की गिटार कीबोर्ड आणि ढोलकीतून वर येते. निव्वळ बूस्ट ड्राइव्हच्या आधी लावला तर आवाज वाढत नाही, फक्त तो जास्त फाटतो. ‘सोलो ऐकूच आला नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह आधीच असेल तर त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल चढवून डिस्टॉर्शनच्या आधी ठेवा. त्याचा ७२० हर्ट्झच्या आसपासचा उंचवटा डिस्टॉर्शनचा गाळ उपसतो.

बफरबद्दल, म्हणजे लांब केबलमधून सिग्नल मंद होऊ न देणाऱ्या सर्किटबद्दल, थोडक्यात. गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला शंभरेक पिकोफॅरड. सहा-सहा मीटरच्या दोन केबल आणि मधल्या पॅच मिळून १३०० च्या वर जातात आणि वरचे सूर मिटतात. सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारी) असतील तर एक बफर हवाच. बॉसचं एक पेडल सुरुवातीला असेल तर तो आहेच, वेगळे पैसे घालू नका. अपवाद फझ फेस जातीचा: त्याला गिटारचा पिकअप थेट लागतो. आधी बफर आला की तो चिरका होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून क्लीन होण्याची त्याची खासियत जाते. म्हणून फझ पहिलं, ट्यूनर त्याच्या मागे.

मॉड्युलेशन हवं असेल तर काय वाजवता ते बघा. सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी करणाऱ्या ऑर्केस्ट्रात कोरसपेक्षा वाह आणि फेझर जास्त कामाला येतात. भावगीतांत दोन्ही नको, रिव्हर्ब पुरे. डिलेला मात्र टॅप टेम्पो (पायाने ठोके देऊन वेग ठरवायची सोय) बघूनच घ्या. ६०,००० भागिले मिनिटाचे ठोके म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद: १२० ला ५००, डॉटेड हवा तर त्याचा पाऊण, ३७५. हा डॉटेड दादऱ्यावर पाय अडखळवतो. तिथे मात्रा मोजा. मिनिटाला १८० मात्रा असतील तर एक मात्रा ३३३, तीन मात्रा १०००. तालवाद्य सोडून कुणी ठेका धरणार नसेल, तर १०० मिलिसेकंदांच्या आसपासचा एकच स्लॅपबॅक (लगेच येणारा एक पडसाद) सुरक्षित.

जोडणी पावसाळा धरून करा. जूननंतर जॅक आणि डीसी पिनांवर काळपट थर धरतो, पॉट (नॉबखालचे फिरते भाग) खरखरतात. लॅमिंग्टन रोडवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा मिळतो, तोच घ्या. नटबोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे पॉटमध्ये मारलात तर धूळ चिकटून बसते. बॅगेत सिलिका जेल ठेवा, पेडलमधली बॅटरी काढून ठेवा, ती गळते. वेल्क्रो लावण्याआधी तळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. बॉसच्या तळाचं रबर वेल्क्रोचा गोंद धरत नाही, ते अलगद सोलून जपून ठेवा आणि सिरियल नंबर झाकू नका, विकताना गिऱ्हाईक तोच आधी बघतं. चिकटवून रात्रभर वर दोन जाड पुस्तकं ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेला बोर्ड उघडला की गोंद वितळून पेडलं एका बाजूला सरकलेली दिसतात.

पॅच केबल बिनसोल्डरच्या किटने केलीत तर लोकलच्या धक्क्यांनी सहा महिन्यांत एखादी ढिली होणारच. ०.८ मिमीच्या ६०-४० सोल्डरने स्वतः करा आणि दोन जास्तीच्या बॅगेत टाका. स्टेजवर आवाज गेला तर पेडलं एकेक करून तपासत बसू नका. गिटार थेट शेवटच्या पेडलला लावा. आवाज आला तर कॅब सिम आणि पुढची लाइन ठीक. मग बोर्डाच्या मध्यावर लावा, मग उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर. सहा पेडलांत तिसऱ्या-चौथ्या खेपेला जागा सापडते. बहुतेक वेळा ती एक पॅच केबल असते, आणि ती तिथल्या तिथे कापून टाकावी. बॅगेत परत टाकली की पुढच्या कार्यक्रमाला तीच हाताला लागते.