उशाशी मीटर

झोप येत नाही म्हटलं की ज्याला त्याला सल्ला सुचतो. मला एका मैत्रिणीने सांगितलं, तुझ्या बेडरूममध्ये रेडिएशन फार आहे. झालं! दिवसा हसण्यावारी नेलं असतं, पण रात्री बाराला टक्क जागं असताना कुठलीही गोष्ट पटते, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या फोनच्या लहरींचे तोटे दीड वाजेपर्यंत फोनवरच वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी आवराआवर. राउटर हॉलमध्ये गेला, पलंगाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर आला (सोबत एकेकटे पडलेले दोन मोजे पण), फोनची रवानगी पण बाहेर, आणि मग अलार्मचं काय म्हणून माळ्यावरचं प्लगला लावायचं जुनं घड्याळ काढलं, ते लाल आकडेवालं, आणि उशाशी ठेवलं. इथेच थांबायला हवं होतं, पण मी लहरी मोजायचा एक मीटर पण मागवला.

तो हातात धरून घरभर फिरायचं. नवरा म्हणाला, भूत शोधतेयस का? मिक्सर चालू असताना जवळ नेला तर मीटर किंचाळायला लागला, फ्रिजमागे जरा कुरकुरला, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या राउटरला अगदी चिकटवला तरी ढिम्म. म्हटलं बिघडका आला वाटतं. बिघडका नव्हता, मीच न वाचता घेतला होता. हा मीटर घरातल्या विजेचं, म्हणजे 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा आणि वायफाय चालतं 2.4 गिगाहर्ट्झवर, सेकंदाला 240 कोटी हेलकावे, ते याच्या गावीही नाही.

आता आणलाच आहे तर बेडरूम पण मोजू म्हटलं. सगळीकडे शून्याच्या आसपास, आणि एका जागी एकदम 8.5 मायक्रोटेस्ला. कुठे? तर उशाशी. ते लाल आकडेवालं घड्याळ! त्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो ना, आणि मी तो कपाळापासून वीतभर अंतरावर आणून ठेवलेला, लहरी कमी व्हाव्यात म्हणून.

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. सर्वसामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 50 हर्ट्झला 200 मायक्रोटेस्ला आहे, आणि असल्या छोट्या यंत्राचं क्षेत्र अंतर दुप्पट केलं की साधारण आठपट कमी होतं. घड्याळ हातभर लांब सरकवलं तर मीटर लगेच गप्प. राउटरचं पण तसंच, फक्त तिथे दुप्पट अंतराला चौपट कमी. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक लहरी अडवायला चांदीच्या धाग्यांच्या मच्छरदाण्या का घेतात कोण जाणे.

मोबाइल वगैरेंच्या लहरींना 2011 मध्ये कर्करोगाच्या बाबतीत 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात टाकलं हे खरंय, पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क पण आहे आणि तो गट पुरावा किती ते सांगतो, धोका किती ते नाही. आणि ज्यांना लहरींचा त्रास होतो त्यांच्यावर प्रयोग झालेत, यंत्र चालू की बंद ते न सांगता. डोकेदुखी खरीच होती त्यांची, पण चालू कधी आणि बंद कधी ते काही ओळखता आलं नाही.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण त्या आठवड्यात मला झोप मात्र लागत होती. चांगली लागत होती!

मग डोक्यात प्रकाश पडला, आणि शब्दशः प्रकाशच. मॅक्सवेलने 1865 मध्येच सांगून ठेवलंय की प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहरच. लहरींची ऊर्जा सुट्या सुट्या कणांनी येते, आणि वायफायच्या एका कणापेक्षा दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा साधारण 2 लाख पट जास्त. म्हणजे बेडरूममध्ये लहरी होत्याच, मी रोज रात्री वीतभरावरून त्या थेट डोळ्यात घेत होते, फक्त त्यांना कोणी रेडिएशन म्हणत नाही, ब्राइटनेस म्हणतात. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी असतात, त्यांचं बघण्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्या निळसर उजेड ओळखतात आणि मेंदूला कळवतात की अजून दिवस आहे, मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, थांबवा. लाल उजेडाला त्या फारशा दाद देत नाहीत. त्यामुळे ते बिचारं घड्याळ मीटरवर गुन्हेगार आणि उजेडाच्या बाबतीत निर्दोष. फ्लाइट मोडवर टाकलेला फोन नेमका उलटा. लहरी बंद, पण आधीच उतरवून ठेवलेल्या तीन एपिसोडना फ्लाइट मोड थोडाच अडवतो?

आता घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, अलार्म बंद करायला उठावंच लागतं. फोन हॉलमध्ये.

परवा मध्यरात्री पाणी प्यायला उठले. हॉलमध्ये फोन एकदम उजळला. म्हटलं फक्त वाजले किती ते बघू. अंधारात, अनवाणी, टेबलाला टेकून उभी, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो बघतेय, कोणाच्या ते अजूनही माहीत नाही. पाऊण तास गेला असेल. बेडरूममधून आवाज आला, "आता काय मोजतेयस?"