प्रवाळांसाठी दिवा निवडताना

माशांच्या टाकीत दिवा लागतो तो आपल्याला मासे दिसावेत म्हणून. प्रवाळांचं तसं नाही. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. वरून थोडंफार खाणं घातलं तरी त्याचं मुख्य जेवण म्हणजे दिवाच. म्हणून न्यू जर्सीतल्या आमच्या घरी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, करायचं ठरल्यावर दगड, पंप, पाण्यातली घाण काढणारा स्किमर हे सगळं भराभर घेतलं, पण दिव्याची घाई केली नाही.

टाकी ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १६ इंच उंच, म्हणजे साधारण १५० लिटरची. दिवे बघायच्या आधी मी प्रवाळांची यादी केली, आणि प्रत्येकाने हेच करावं असं मला मनापासून वाटतं. मशरूम आणि झोअँथिड नावाची प्रवाळं ५० ते १०० पारमध्ये खूश असतात. टॉर्च, हॅमर या प्रवाळांना ८० ते १५० पुरतात. माँटिपोरा, अ‍ॅक्रोपोरा यांना २०० ते ३५० लागतात. पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, ते हा आकडा सांगतो. माझ्या यादीत वाळूवर मशरूम, मधल्या कपारीत टॉर्च आणि दगडाच्या माथ्यावर एक माँटिपोरा होता. म्हणजे मला असा दिवा हवा होता, जो माथ्यावर अडीचशेच्या आसपास असेल आणि वाळूच्या कोपऱ्यात साठ-सत्तरवर उतरेल. हे ठरल्यावर खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांचं महत्त्वच उरलं नाही.

इथले एक दादा कित्येक वर्षं मेटल हॅलाइड या जुन्या धर्तीच्या प्रखर बल्बवर टाकी चालवतात. त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "अरे, आधी हॅलाइडखालचं पाणी बघ, मग एलईडीचं बोल." बघितलं, आणि त्यांचं खरंच आहे. वाळूवर लाटांच्या प्रकाशरेषा अशा नाचतात की बघत राहावं. पण २५० वॅटचा तो बल्ब पाणी तापवतो आणि जुलैत त्यांना पाणी थंड करणारा चिलर लावावा लागतो. टी-फाइव्ह नावाच्या बारीक ट्यूबलाइटचा प्रकाश सगळ्यात समान पसरतो. फांद्यांच्या खालच्या बाजूलाही तो पोचतो, त्यामुळे नुसत्या अ‍ॅक्रोपोराची टाकी असती तर मी आजही त्याच घेतल्या असत्या. माझ्या लांबीला ३९ वॅटच्या चार ट्यूब लागल्या असत्या आणि त्या नऊ ते बारा महिन्यांत बदलाव्या लागतात. एलईडीत प्रत्येक रंग वेगळा कमी-जास्त करता येतो, उष्णता वरच्या वर पंख्याने निघून जाते आणि बल्ब बदलण्याचा खर्च नाही. त्याची खोट एकच: प्रकाश एका ठिकाणाहून येतो, म्हणून मध्यभाग प्रखर, कोपरे अंधारे आणि सावल्या गडद. त्यामुळे एक मोठा दिवा न घेता मी दोन लहान घेतले. एकूण ताकद तेवढीच, पण एकाची सावली दुसरा भरून काढतो.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश आधी गिळतं. दहा-पंधरा मीटर खाली उरतो तो मुख्यतः निळा-हिरवा. तिथल्या शैवालांकडे क्लोरोफिलबरोबर पेरिडिनिन हे रंगद्रव्य असतं आणि दोन्ही मिळून निळा प्रकाश उत्तम शोषतात. शिवाय निळ्या प्रकाशात प्रवाळांची फ्लुओरेसंट प्रथिनं झळाळतात. जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरलं जाणारं डीएसरेड हे लाल प्रथिन डिस्कोसोमाचंच, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या मशरूमच्या जातभाईचं! पण आपला डोळा हिरव्याला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतो. त्यामुळे निळा प्रकाश भरपूर असूनही डोळ्याला मंद वाटतो. उजेड मोजणारं साधं लक्स मीटरही डोळ्याच्याच हिशोबाने बनवलेलं, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये.

म्हणून पार मीटर हवंच. ते महाग असतं, पण इथले रीफ क्लब सभासदांना वापरायला देतात, काही दुकानं भाड्यानेही देतात. मी क्लबकडून अपोजी कंपनीचं आणलं. टाकीत नुसते दगड आणि पाणी असतानाच काठीला सेन्सर बांधून वाळूचा, कपारींचा, माथ्याचा कोपरा न् कोपरा मोजला आणि आकडे कागदावरच्या नकाशात लिहिले. पंप चालू असताना आकडा सतत हलतो, तेव्हा थोडा वेळ थांबून सरासरी घ्यायची. दिवे पाण्यापासून नऊ इंचांवर टांगल्यावर माथ्यावर २४०, मधल्या कपारीत १२० आणि कोपऱ्यात ६५ मिळाले. पुढे कुठलं प्रवाळ कुठे ठेवायचं, हे त्या नकाशानेच ठरवलं.

नवीन फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तोडून घेतलेला तुकडा, आणल्यावर तो थेट माथ्यावर नेत नाही. आधी वाळूवर, मग काही आठवड्यांत पायरी-पायरीने वर. प्रकाश एकदम वाढला तर शैवालांत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, प्रवाळ त्या शैवालांना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. कमी पडला तर रंग तपकिरी होत जातो. मऊ प्रवाळं उजेडाकडे ताणली जातात. दिवसाला नऊ तास पुरतात. त्यातले दुपारचे चार-पाच तास मी पांढरा प्रकाश वाढवून ठेवतो. दिवसभर निळीशार टाकी ठेवायची सध्या पद्धत आहे, पण तीत माशांचे खरे रंग हरवतात आणि मला ते आवडत नाही.

पुण्याहून नातेवाईक विचारतात, आम्हीही करू का? त्यांना स्पष्ट सांगतो: भारतात कठीण (दगडी सांगाड्याची) प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. ती घरी ठेवता येत नाहीत. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्यात उतरून ती जिथल्या तिथे बघावीत. इथेही मी टाकीतच वाढवलेले फ्रॅग घेतो आणि दुकानदाराला तसं विचारूनच घेतो.

एक काम मात्र कायमचं मागे लागतं. शिंतोड्यांनी दिव्याच्या भिंगांवर मिठाचा थर बसतो आणि पार हळूहळू उतरतो. दिवे बंद करून, थंड झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने ती पुसायची. फार दिवसांनी पुसली असतील तर दिवा थोडा कमी करून ठेवायचा. स्वच्छ भिंगातून आलेला प्रकाशही माथ्यावरच्या माँटिपोराला एकदम जास्त होऊ शकतो.