आल्बट्रॉसची फेरी, गिरणाऱ्याच्या टेकडीवर: नोंद ६

रविवारी रिमोटवरच्या, मोटर नसलेल्या छोट्या ग्लायडरने सलग सहा फेऱ्या मारल्या आणि सहावी पहिलीपेक्षा वेगात होती! गेल्या पावसाळ्यापासून याच एका गोष्टीच्या मागे लागलोय.

चूक कुठे होत होती ते आधी सांगतो. टेकडीच्या पाठीमागे, वाऱ्याच्या आडोशाला, मी विमान सपाट गोल फिरवत होतो. सपाट फेरीत ते हवेच्या एकाच थरात राहतं, मग वेग मिळणार कुठून? कमाई होते ती थर ओलांडतानाच. आडोशातल्या संथ हवेतून वर येऊन पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड दिलं की पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग एकदम वाढतो. वर वळायचं, वारा पाठीशी घेऊन पुन्हा संथ हवेत शिरायचं, की परत वाढतो. दक्षिणेच्या महासागरावर आल्बट्रॉस हा समुद्रपक्षी हेच करतो. लाटांलगत वारा मंद, दहा-पंधरा मीटरवर जोरदार. साडेतीन मीटरपर्यंतचे पंख जवळजवळ न हलवता तो तासन् तास जातो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हे १८८३ सालीच मांडलं होतं. समुद्रावर वारा उंचीनुसार हळूहळू बदलतो, टेकडीमागे मात्र दोन पावलांत, म्हणून आपल्याला सोपं.

येवल्यात संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. गच्चीवर पतंग लोळत असतो; चार हिसके देऊन घरांच्या वर काढला की आसारी (मांजाची फिरकी) भराभर सुटायला लागते.

थर नेमका कुठे बदलतो ते शोधायला बारा फुटी वेळूला हातहात अंतरावर लोकरीचे धागे बांधले. माथ्यामागे थोडं उतरून काठी उभी धरली. वरचे तीन धागे ताठ आडवे, चौथा गोंधळलेला, मधूनच उलटा वळणारा, खालचे सगळे लोंबत. त्या चौथ्या धाग्याच्या उंचीला फेरी तिरकी कापून नेली आणि जमलं.

वजनाचाही हात आहे. ६५० ग्रॅमचं ईपीपी फोमचं (लवचीक, हलक्या फोमचं) विमान थर ओलांडताना थबकायचं. गुरुत्वमध्याशी २०० ग्रॅम शिसं बसवल्यावर ते भेदून जातंय.

जागा विचारणाऱ्यांसाठी: नाशिकजवळचा अंजनेरीचा डोंगर नको. तिथे गिधाडं आहेत. आणि फेरीच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

सातव्या फेरीला वर वळायला उशीर झाला आणि विमान करवंदीच्या जाळीत गेलं. पंख शाबूत आहे, उजव्या सर्वोचे (पंखाची झडप हलवणाऱ्या यंत्राचे) दात गेलेत. मेटल गिअरचा मागवलाय.