गोन्सालोचा आवाज एक मात्रा मागे

पाच फेब्रुवारीला संध्याकाळी आमच्या चर्चच्या पटांगणात संत गोन्सालो गार्सियावरचं संगीत नाटक झालं. सव्वादोन तास, चौदा गाणी, मंचावर एकतीस जण, त्यातली निम्मी कातकिजमची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गातली पोरं. गाणी मी लिहिली आणि पेटीवरही मीच होते. अजून बोटं दुखतायत, पण लिहून ठेवल्याशिवाय झोप येणार नाही.

वसईतल्या ख्रिस्ती घरात गोन्सालोची गोष्ट लहानपणापासून पाठ असते. 1557च्या सुमारास वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मरण. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी संतपद दिलं, तो भारतात जन्मलेला पहिला संत. आम्ही शाळेत बसवायचो त्या नाटुकल्यांत जन्मानंतर थेट क्रूसच यायचा. मधली चाळीस वर्षं कुणी दाखवायचंच नाही, आणि मला तर तीच हवी होती.

कारण तो माणूस सरळ रेषेत संत झालेला नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी जेज्विट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या फादरांबरोबर जपानला गेला. तिथली भाषा अशी उचलली की आठेक वर्षं तो लोकांना धर्मशिक्षण देत हिंडला. संघात घ्या म्हणून विनवलं, पण घेतलं नाही. मग चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव बंदरात जाऊन व्यापारी झाला, आणि धंदा चांगला चालला. चालता धंदा सोडून तो मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाच्या दारात उभा राहिला. तिथेही तो फादर झाला नाही, ब्रदरच राहिला. ज्यांना 'तुम्ही बसत नाही' असं कधी ना कधी ऐकावं लागलंय त्यांच्यासाठी हा संत आहे, असं मला फार मनापासून वाटतं. मकावचं गाणं म्हणून मी मुद्दाम आनंदाचं ठेवलं, रेशीम आणि चांदीचं, केरवा तालात, घुमट या मातीच्या वाद्यावर. सोडायची गोष्ट गोड असल्याशिवाय सोडण्याला अर्थ नाही.

नाटकाचा गाभा मात्र 1593चा प्रवेश. फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचा दूत म्हणून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला गेले, आणि दुभाषा म्हणून बरोबर गोन्सालो. समोर हिदेयोशी, सगळ्या जपानवर हुकूम चालवणारा. त्याची मागणी अशी, की फिलिपाईन्सने आपल्याला शरण यावं. दोघंही एकमेकांच्या भाषेत अडाणी. मध्ये उभा आमचा वसईचा पोरगा, दोघांचे शब्द एकमेकांपर्यंत नेणारा.

हे गाण्यात कसं आणायचं यावर मी तीन आठवडे घालवले. शेवटी तिघांना एकाच चालीवर ठेवलं, पण गोन्सालोचा आवाज एक मात्रा मागे. फादर गातात, तो एक मात्रा मागून तेच दुसऱ्या शब्दांत गातो. हिदेयोशी गातो, तो पुन्हा मागून. स्वतःची ओळ त्याला नाहीच. गोन्सालो झालेला मुलगा तालमीत चिडायचा, "बाई, मी हिरो ना? मग मला माझं काहीच नाही?" मी त्याला म्हटलं, बाळा, हेच त्याचं काम होतं. दुभाष्याची एक चूक किती महाग पडते ते त्याला सांगितलं. फ्रान्सिस झेवियर जपानला पोचले तेव्हा सुरुवातीला परमेश्वरासाठी 'दाइनिची' हा शब्द वापरला जात होता. तो बौद्धांच्या एका बुद्धाचं नाव निघाला. कळल्यावर तो शब्द टाकून 'देउस' हा लॅटिन शब्दच धरला. हे ऐकल्यापासून त्या पोराने एकदाही मात्रा चुकवली नाही.

पुढचं आमच्या लोकांना माहीत असतं. 1596 मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं, हिदेयोशीचा मिशनऱ्यांवरचा संशय वाढला, गोन्सालोसकट ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. निघाले चोवीस, वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात घातलं.

त्या चालण्यासाठी मी गुणक्री रागाचे सूर घेतले. जपानची मियाकोबुशी नावाची स्वरमाला ऐकताना लक्षात आलं होतं, की सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत, हे तेच पाच सूर. मियाको म्हणजे राजधानी, तेव्हाचं क्योतो. पेटीवर ते सापडले तेव्हा मी एकटीच घरात होते आणि रडले.

साऊंड सांभाळणारा मुलगा म्हणाला, कान कापल्यावर डावा स्पीकर बंद करतो. मी नको म्हटलं, कानाची पाळी कापून ऐकू येणं जात नाही, हे खोटं होईल. त्याने तालमीत करून दाखवलं. मी डावीकडे बसले होते. गाणं एकदम लांब गेलं आणि माझी मान आपोआप पुढे झाली. मग ठेवलं, फक्त चालण्याच्या गाण्यापुरतं. प्रयोगात डावीकडच्या सगळ्या बायका पुढे वाकलेल्या मी पेटीवरून पाहिल्या.

त्या सव्वीस जणांत तीन पोरं होती. लुईस बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा, थॉमस चौदा. थॉमसने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं, ते त्याच्या वडिलांकडे सापडलं. वडीलही त्याच टेकडीवर मेले. क्रुसावर अंतोनियोने 'लाउदाते पुएरी' हे स्तोत्र सुरू केलं, 'लेकरांनो, प्रभूची स्तुती करा'. आम्ही क्रूस दाखवलेच नाहीत. तिन्ही मुलं पडद्यापुढे उभी राहिली, कोणतंही वाद्य नाही, आणि ते स्तोत्र आधी लॅटिनमध्ये, मग मराठीत म्हटलं. बारा वर्षांच्या मुलाचा आवाज मध्येच फाटला. मला तो फाटलेलाच हवा होता.

गोन्सालोची आई आमच्याकडे फक्त पहिल्या अंकात आहे. जात्यावर ओवी म्हणते, मुलाला बंदरावर सोडते आणि संपते. संहितेत तिला नावही नाही, नुसती 'आई'.

प्रयोग संपल्यावर खुर्च्या गोळा करत होतो, तर शेजारच्या आजी काठी टेकत आल्या. कोळ्याच्या घरातल्या, आयुष्य किनाऱ्यावर गेलेलं. मला वाटलं गाण्याबद्दल काही बोलतील.

"त्याच्या आईस कधी कळलं गं?"

मी म्हटलं, निरोप यायचा तर नागासाकीहून मकाव, मकावहून मलाक्का, तिथून गोवा आणि मग वसई. त्यांनी बोटं मोडत मोजलं. फेब्रुवारी, मार्च, मग वारा फिरणार, मग पाऊस, बंदर बंद.

"म्हणजे नारळी पुनवेनंतरच," त्या म्हणाल्या. "तोवर ती वाटच बघत असेल."