अडीच इंचांची फट

बाळाची चाहूल लागल्याचं कळवलं तेव्हा आईने तारीख विचारली आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, "पाळणा कुठे टांगणार?"

इंग्लंडात ब्रिस्टॉलमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटचं छत म्हणजे पातळ प्लास्टरची पाटी. दिवाळीचा आकाशकंदील अडकवायलाही नवरा दहा वेळा विचार करतो. गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरात मात्र माजघराच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. बाबा, आत्या, मी, धाकटा भाऊ, सगळे त्या कडीला झुललो. आईच्या लेखी कडी नाही ते घर बाळासाठी तयारच नाही.

तर ही गोष्ट पाळणा नसलेल्या घरातल्या खाटेची, आणि नंतर डिचोलीत बनवून घेतलेल्या दुसऱ्या खाटेची. गावाकडच्या मैत्रिणी विचारतात, "कॉट कुठली घेऊ?" प्रत्येकीला व्हॉट्सॲपवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

दुकानात गेल्यावर कळलं की इथे दोन मापं चालतात. कॉट साधारण 120 बाय 60 सेंटिमीटरची. कॉट बेड 140 बाय 70 ची, आणि तिचे कठडे पुढे काढता येतात. मग तीच मुलाची छोटी खाट होते आणि चार-पाच वर्षं सहज निघतात. आम्ही कॉट बेड घ्यायचं ठरवलं, पण नवीन नव्हे. एकाने फुकट देऊ केलेली खाट बघायला गेलो, तर तिची एक बाजू खालीवर सरकणारी. कमरेत न वाकता बाळ उचलता येतं म्हणून ती मला फारच आवडली. नवऱ्याने तिथेच उभ्याउभ्या वाचून दाखवलं की अमेरिकेत 2011 पासून अशा सरकत्या बाजूच्या खाटा विकायलाच बंदी आहे. खटके झिजतात, बाजू एका टोकाला निखळते आणि त्या फटीत बाळ अडकतं. निमूट परत आलो.

शेवटी खाट मिळाली स्विंडनला. तिथे एवढे गोंयकार आहेत की बसमध्ये कोकणीत कुणाची चहाडी करायची सोय नाही. सासष्टीच्या एका कुटुंबाने बीचच्या लाकडाची, रंग न दिलेली कॉट बेड दिली, सगळे स्क्रू पिशवीत मोजून दिले आणि वर बिबिंक, ही आपली थरांची गोड वडी, तीही बांधून दिली. गादीही देत होते, ती तेवढी नाही घेतली. सांगाडा जुना चालतो, गादी नवी घ्यावी. वापरलेली गादी मध्ये बसलेली असते आणि तिच्यात काय काय मुरलंय ते वरून दिसत नाही.

बाळंतपणाला आई आली. येताना तिने काय आणलं नाही! अळीव, वेखंड, बाळंतकाढा, जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी, सहा दुपटी, दोन टोपरी आणि डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी. बाळ घरी आल्यावर तिने ती खाट अशी सजवली की चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात त्या माटोळीची आठवण व्हावी.

बाळ दोन आठवड्यांचं होत आलं तेव्हा हेल्थ व्हिजिटर आली. ही सरकारी आरोग्यसेवेतली नर्स, घरी येऊन बाळ-बाळंतीण बघते. वजन घेतलं, लाल वहीत लिहिलं आणि म्हणाली, "बाळ झोपतं कुठे, दाखवाल?" मी अभिमानाने खोलीत नेलं. तिने खाटेकडे बघितलं, मग आईकडे बघून हसली आणि एकेक वस्तू उचलून आमच्या पलंगावर ठेवायला लागली. गोधडी. उशी. कठड्याला आतून बांधलेली कापसाची झालर. नणंदेने पाठवलेला ससा. शेवटी उरली एक गादी आणि ताणून बसवलेली चादर. "आता तयार," ती म्हणाली.

आई नंतर दोन तास माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा उशी देतात गो."

आईचा राग मला कळत होता. आपल्याकडे माया मऊ असते. पण तान्ह्याला मऊपणा बाधतो. नाक कापसात रुतलं तर मान वळवून सोडवून घ्यायची ताकद त्याच्या मानेत नसते. म्हणून गादी हाताने दाबून बघायची. तळवा उचलल्यावर खड्डा राहिला तर ती गादी आपल्या पाठीला कितीही आवडो, बाळासाठी नको. आणि झोपवायचं पाठीवर, दर वेळी, दुपारच्या डुलकीलाही. एवढ्या मोठ्या खाटेत बाळ वरच्या टोकाला नव्हे, पाय पायथ्याच्या फळीला टेकतील असं खाली ठेवायचं, म्हणजे पांघरुणात खाली सरकून तोंड झाकलं जात नाही. आईला हे फारच विचित्र वाटायचं. खाटेच्या तळाशी वाटाण्याएवढं बाळ आणि वरती तीन भाग मोकळं मैदान!

या बाबतीत इथले लोक इतके काटेकोर का, त्याला कारण आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथे बाळांना सर्रास पालथं झोपवायचे, तसा सल्लाच दिला जायचा. धडधाकट बाळं झोपेतच जायची. त्याला कॉट डेथ हा शब्दही याच देशातला. 1991 मध्ये ॲन डायमंड या टीव्ही निवेदिकेचं चार महिन्यांचं बाळ असंच गेलं. न्यूझीलंडमध्ये यावर काम झालं होतं, ते तिने इथे लावून धरलं आणि त्याच वर्षी बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

हे सांगितल्यावर आई म्हणाली, "आम्ही कधी पालथं घातलं?" तिचं खरं आहे. इंग्लंडमध्येच पाहिलं गेलंय की दक्षिण आशियाई घरांत कॉट डेथ गोऱ्या घरांपेक्षा कमी. बाळ पाठीवर, आईच्या खोलीत, आणि घरातल्या बायका सिगारेट ओढत नाहीत, अशी त्याची कारणं सांगतात. म्हणजे आईच्या पदरात बरंच शहाणपण आधीपासून होतं. भांडण होतं ते उशी आणि गोधडीपुरतं. गोधडी जमिनीवर अंथरली. जागेपणी बाळाला तिच्यावर पालथं घालायचं आणि आईने समोर बसून टाळ्या वाजवायच्या, असा तह झाला. राईची उशी मात्र मी कपाटात टाकली. डॉक्टरांच्या मते डोकं चपटं होऊ नये म्हणून जागेपणीचं हे पालथं घालणंच पुरेसं.

एप्रिलमध्ये लेक साडेसहा महिन्यांची झाली आणि आम्ही तीन महिन्यांसाठी गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरलो. आता प्रश्न उलटा झाला होता. घरात कडी होती, पाळणाही माळ्यावरून काढून, धुऊन, पितळी साखळ्या चिंचेने घासून तयार होता. पण लेक कुशीवर वळायची, पालथी व्हायची, हाताला लागेल ते धरून उठू बघायची. उठून बसायला लागलेलं मूल पाळण्यात ठेवलं तर पाळणा कलंडायला वेळ लागत नाही. साडीच्या झोळीचं तर नावच नको. झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बारशाच्या फोटोसाठी पाळणा वापरला, गाणी म्हटली, आणि परत माळ्यावर.

चुलतबहिणीची घडीची जाळीवाली कॉट होती, ती काकूने प्रेमाने आणून दिली आणि तळ कडक लागतो म्हणून आत कापसाची जादा गादीही घातली. जाळी बाहेर ताणली जाते. गादी आणि जाळीच्या मध्ये हात घातला तर माझं कोपर आत गेलं. जिथे माझं कोपर जातं तिथे तिचं तोंड जाणार.

मग दुकानं पालथी घातली, म्हापसा आणि पणजी दोन्ही. मी पर्समध्ये टेप घेऊन फिरत होते. एका दुकानात गुलाबी खाट, चाकं, झुलणारा तळ, आत उशा आणि लोड, सगळा संच. गजांमधली फट मोजली, तर नऊ सेंटिमीटर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डोकं थोडंच जाणार आहे त्यातून?" अडचण नेमकी तीच आहे. अंग आधी जातं, पायांकडून, आणि डोकं मागे अडकतं. युरोपातल्या नियमात ही फट साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर. टेप नसेल तर नेहमीचा, अंगाने रुंद असा थंड पेयाचा किंवा बिअरचा डबा गजांमधून घालून बघावा. गेला तर खाट नको. (उंच सडपातळ डबे येतात ते धरू नयेत. आपल्या गोव्यात या परीक्षेचं साहित्य मिळायला काही अडचण पडत नाही.)

शेवटी बाबा म्हणाले, "मेस्ताला सांगूया."

मेस्त म्हणजे आमच्या घरची दारं-खिडक्या केलेले सुतार. त्यांनी माझा कागद चष्म्याच्या वरून बघितला आणि विचारलं, "हो पांजरो कोणाखातीर गो बाय?" पिंजरा कुणासाठी! मी मापं वाचत गेले. गजांची फट अडीच इंच, त्याहून केसभरही जास्त नको. गादीच्या वरून कठड्याच्या टोकापर्यंत किमान वीस इंच, कारण महिना-दोन महिन्यांत ती धरून उभी राहणार. गज फक्त उभे, आडवी पट्टी एकही नको, नाही तर तिची शिडी होते. कोपऱ्याच्या खांबांना कळस काढायचे नाहीत, कपडा अडकतो. शेवटच्या कलमावर मेस्त खट्टू झाले. त्यांच्या डोक्यात कमळं होती.

लाकूड फणसाचं. बाबांच्या भावाच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, पडलेलं झाड कापून ठेवलेलं होतं, चांगलं मुरलेलं. मेस्तांनी लाकडाचा एक ठोकळा बरोब्बर अडीच इंच तासला आणि प्रत्येक गज बसवताना तो मध्ये धरला. ठोकळा सरकला नाही तर गज पक्का, सैल वाटला तर परत काढ. सव्वीस गज बसवले आणि ठोकळा लेकीला खेळायला दिला. तळ फळीचा करणार होते, मी पट्ट्यांचा मागितला. आपल्याकडच्या पावसात अख्ख्या प्लायवूडवर ठेवलेल्या गादीला खालून बुरशी धरते, खालून वारं लागायला हवं.

रंगावरून जरा वाद झाला. वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचं तेल लावूया, असं शेजारच्या काकांनी सुचवलं. वाशांना ते ठीक. पण त्या तेलाने कातडी भाजते, आणि आमच्या बाईसाहेबांना दात येत होते. कठडा चावणार हे नक्की होतं. म्हणून काहीच लावलं नाही. पॉलिश पेपरने तीन वेळा घासलं आणि पिवळंधमक लाकूड तसंच ठेवलं.

गादी काथ्याची, मापाने कापून घेतली. गादीवाल्याला चारचारदा सांगितलं की बाजूला चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहता कामा नये. त्याने एवढी घट्ट कापली की चादर घालताना माझी नखं मोडायची.

ब्रिस्टॉलमध्ये सांगतात की बाळाची खोली 16 ते 20 अंश ठेवा. मे महिन्यात डिचोलीत हे वाचून सगळं घर हसलं. मग पांघरूण बाद, टोपरं बाद, एक सुती झबलं आणि लंगोट. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघायचं. घाम असेल तर कपडा काढायचा. पंखा चालू, पण थेट अंगावर नाही. वीज गेली की आई विंझणा घेऊन बसायची आणि तिथल्या तिथे तिलाच डुलकी लागायची.

राहिले डास. बाजारातली छत्रीसारखी मच्छरदाणी गादीवरच उभी राहते. लेकीने पहिल्याच दुपारी ती ओढून अंगावर घेतली. दुसरी कशी टांगायची याचा विचार करत मी खाटेत डोकं घालून उभी होते. आईने वर बोट दाखवलं. कडी!

खाट कडीच्या बरोब्बर खाली सरकवली. मोठी चौकोनी मच्छरदाणी वरून सोडली, कठड्यांच्या बाहेरून थेट जमिनीपर्यंत, म्हणजे तिच्या हाताला काही लागत नाही, दोरीसुद्धा नाही. आई स्टुलावर चढून गाठ मारत होती आणि पुटपुटत होती, "शेवटी कडीच लागली ना?" मी काही बोलले नाही.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही परतलो तेव्हा कठड्याच्या वरच्या पट्टीवर चार दातांच्या खुणा होत्या आणि लाकूड पिवळ्याचं तपकिरी व्हायला लागलं होतं. परवा आईने फोटो पाठवला. बाहेर धो धो पाऊस, माजघरात पंखा चालू, आणि खाटेच्या चारी कठड्यांवर बाबांचे पंचे, उशांचे अभ्रे, तिच्या दोन साड्या वाळत घातलेल्या. खाली लिहिलं होतं, "अडीच इंचांतून वारं छान खेळतं. मेस्तांना अजून एक सांगू का?"